सूत आधी, वस्तू मागाहून

मार्चच्या अंकात मी माझ्या कताईबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तर देते. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी अमळनेरची. एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गठाणी बांधणाऱ्या कारखान्यात, २६ वर्षं हिशेब लिहिले. कापसाच्या गाड्यांची वजनं, १७० किलोच्या गठाणी, सरकीचा उतारा हे सगळं तोंडपाठ होतं, पण त्या कापसाचं सूत कसं होतं हे माझ्या बोटांना माहीत नव्हतं. निवृत्त झाल्यावर २०१८च्या दिवाळीत पहिला पेळू, म्हणजे कातायला केलेली पिंजलेल्या कापसाची वळी, हातात घेतला. त्याआधी विणकाम होतं, पण ते दुकानातल्या लोकरीचं. माग आला सगळ्यात शेवटी.

शिरपूरहून एक विद्यार्थिनी लिहिते: माळ्यावर पणजोबांचा पेटी चरखा सापडला. ते १९३६ला फैजपूरच्या काँग्रेसमध्ये स्वयंसेवक होते असं घरात सांगतात. सुतारकाकांकडून चाकं नीट करून घेतली, माळ (चाक फिरवणारी दोरी) नवी घातली. आश्रमातून पेळूही आणले. पण दर हातभर सूत तुटतं. एप्रिल लागल्यापासून तर फारच. चरखा बिघडलाय की माझा हात?

तुझं पत्र वाचून मी आधी माझ्या चरख्याजवळ जाऊन बसले, मगच लिहायला घेतलं. पेटी चरखा १९३०च्या आसपासचा, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हाच्या खटपटीतून आलेला. प्रवासात नेता यावा, मिटला की पुस्तकासारखा व्हावा, म्हणून तसा केलेला. फैजपूरचं अधिवेशन म्हणजे खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. तिथे गेलेल्या माणसाच्या घरी असा चरखा निघावा यात नवल नाही. तो जपून वापर, पण वापर. कपाटात ठेवलेल्या चरख्याचं लाकूड आखडतं.

आता तुटण्याचं. सूत तुटलं की लगेच जोडू नकोस. तुटलेलं टोक उजेडात धरून बघ. टोक निमुळतं, पिसासारखं, तंतू मोकळे सुटलेले असतील तर सूत तुटलेलं नाही, निसटलेलं आहे. पीळ कमी पडला, हात चाकापेक्षा पुढे पळाला. टोक कात्रीनं कापल्यासारखं बोथट असेल आणि मागचं सूत कुरळं होऊन आपल्याभोवतीच गुंडाळत असेल, तर पीळ जास्त झालाय. पहिल्या दोषाला हात सावकाश, दुसऱ्याला चाक सावकाश. मला हे कळायला आठ महिने लागले, कारण मी प्रत्येक वेळी टोक न बघताच जोडत होते. आई शेजारी बसून म्हणायची, ‘नको घाई करू माय, सूत तुटस.’ तिनं स्वतः कधी कातलं नव्हतं, पण तिचं निदान बरोबर होतं.

या दोन्हींपैकी कुठलंच टोक दिसत नसेल आणि सूत दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर तुटत असेल, तर चात, म्हणजे सूत गुंडाळणारी लोखंडी सळई, काढून काचेवर लोळवून बघ. वाकलेली चात लोळताना काचेला कुठे टेकते, कुठे उचलते, ते लगेच दिसतं. चातीच्या टोकावर गंज किंवा बारीक ओरखडा असेल तर त्यात तंतू अडकतात. मी शून्य नंबरच्या पॉलिश पेपरनं टोक घासते आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवून पुसून टाकते.

पेळू कधीचे आहेत तेही विचार. दाबून ठेवलेला जुना पेळू बाहेरून बरा दिसतो, आत मात्र त्याच्या गुठळ्या झालेल्या असतात. एक पेळू हळूच उलगडून बघ. ढगासारखा पसरला तर चांगला, चादरीसारखा फाटला तर जुना. जुने पेळू फेकू नकोस. हातानं विसकटून पुन्हा पिंज आणि पाटावर पातळ पसरून ८ नंबरच्या विणायच्या सुईवर गुंडाळ. वरून लहान फळीनं दोनदा लोटलं आणि सुई ओढून काढली की नवा पेळू तयार. विणकामाची सुई कताईच्या कामी आली तेव्हा मला झालेला आनंद मी अजून विसरले नाही.

आणि एप्रिलचं जे लिहिलंस ते अगदी खरं आहे. तो तुझा दोष नाही. कापूस हवेतली ओल पितो आणि ओलसर असला की तो मजबूत असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो, हवा भट्टीसारखी कोरडी होते, तेव्हा तंतू ठिसूळ होतो आणि एकमेकांपासून उडतो. माझे वडील प्रताप मिलच्या सूत खात्यात होते. बाहेर रस्त्यावर डांबर वितळायचं आणि ते घरी यायचे ते ओलसर सदऱ्यानं, केसांत रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भुसा घेऊन. मी लहानपणी समजायचे की तो घाम आहे. घाम तर होताच, पण खात्यात हवेत मुद्दाम पाण्याचे तुषार सोडत असत, सूत तुटू नये म्हणून. मुंबईच्या गिरण्यांना समुद्राची दमट हवा आयती मिळाली, अमळनेरला ती तयार करावी लागे.

घरात आपण तुषार सोडू शकत नाही, पण पहाट आपली आहे. मी उन्हाळ्यात साडेपाच ते साडेसात एवढंच कातते. पेळूंचा स्टीलचा डबा रात्री झाकण उघडं ठेवून माठाशेजारी ठेवते, पाणी पेळूला लागता कामा नये. खिडकीत ओलं पोतं टांगलं की खोली बरी राहते. कूलरसमोर मात्र बसू नकोस. हवा ओली असते, पण वारा पेळूचे तंतू विस्कटतो. दुपारी कातायचंच नाही. दुपारी गुंड्या कर, म्हणजे कातलेलं सूत हजार-हजार मीटरच्या लडींत गुंडाळ, हिशेब लिही, झोप.

पाचोऱ्याहून एक वाचक: माझं सूत किती नंबरचं आहे हे घरी कसं ओळखावं?

फाळक्यावर (सूत गुंडाळायच्या चौकटीवर) किंवा दोन खुर्च्यांच्या पाठींवर १०० मीटर सूत मोजून गुंडाळा. सोनाराकडे किंवा किराणा दुकानात दशांश ग्रॅम दाखवणारा काटा असतो, त्यावर ठेवा. ५९ला त्या वजनानं भागा. वजन ५.९ ग्रॅम आलं तर सूत १० नंबरचं, ३ ग्रॅम आलं तर २०च्या जरा खाली. आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. पण एकाच जागेचं मोजू नका, गुंडीच्या तीन ठिकाणांहून मोजा. तीन वजनांत जो फरक येईल तो तुमच्या हाताचा खरा आरसा आहे. माझी पहिली तीन वजनं आली ९, ६ आणि ११.

धुळ्याहून एक आजी लिहितात: नातवासाठी घरच्या सुताची बंडी विणायची हौस होती. सहा महिने कातलं, १२० ग्रॅम सूत झालं. तेच एकपदरी सूत घेऊन ८ नंबरच्या सुयांवर एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी बंडी विणली. बाळाला बरोबर बसली होती. पहिल्याच धुण्यात चार बोटं लांब झाली आणि बाजूची शिवण फिरून पोटावर आली. सूनबाई काही बोलली नाही, पण बंडी पुन्हा बाळाच्या अंगावर दिसली नाही. लोकरीचे स्वेटर मी चाळीस वर्षं विणते आहे. माझं काय चुकलं?

ताई, तुमचा हात चुकलेला नाही. लोकरीच्या सवयीनं तुम्ही कापसाला हाताळलंत, आणि मीही अगदी हेच केलं होतं. माझ्या भाचीच्या मुलीसाठी टोपडं केलं, ते तिसऱ्या दिवशी डोळ्यांवर उतरलं. ते टोपडं मी जपून ठेवलंय. प्रत्येक नवं काम सुरू करताना एकदा हातात घेते.

लोकरीच्या तंतूला स्वतःची नागमोड असते. ताणलं की परत येते. कापसाला ती नाही. तो ताणला की ताणलेलाच राहतो आणि वर तो जड असतो. ओली बंडी दोरीवर टांगली की आपल्याच पाण्याच्या भारानं ती खाली ओघळते. म्हणून पहिली गोष्ट: कापसाचं विणलेलं कधी टांगू नका, पंचावर आडवं पसरून वाळवा.

शिवण फिरली त्याचं कारण निराळं. एकपदरी सुतात सगळा पीळ एकाच दिशेचा असतो. तो विणीत कोंडून राहतो आणि पाणी लागताच सुटायला बघतो. प्रत्येक टाका थोडासा एका अंगाला कलतो. एका टाक्याचं कलणं डोळ्याला दिसत नाही. शंभर ओळींचं मिळून ते शिवण पोटावर आणतं. दुकानातली लोकर बहुधा दोन, तीन, चार पदरी असते. पदर उलट दिशेनं एकत्र पिळलेले असतात, त्यामुळे एकाचा ओढा दुसरा सांभाळतो. चाळीस वर्षांत तुम्हाला हा प्रश्न आला नाही तो त्यामुळे.

तर सूत दुपदरी करा. चातीवरून उतरवलेल्या सुताच्या दोन कुकड्या दोन वाट्यांत ठेवा, दोन्ही टोकं एकत्र धरा आणि कातताना चाक ज्या दिशेला फिरवलंत त्याच्या उलट फिरवा. किती पीळ द्यायचा ते असं बघा: हातभर दुपदरी सूत घेऊन मधोमध सैल सोडा. ते शांतपणे झोळीसारखं लोंबलं तर बरोबर. गरागरा फिरून स्वतःवरच चढलं तर अजून सोडवा किंवा घाला, दोन्ही करून बघा, हाताला कळतं.

मग उकळा. ही पायरी मी सुरुवातीला सोडत असे, फार मोठी चूक. कच्च्या सुतावर मेणासारखा अंश असतो. कोरी गुंडी पाण्यावर टाकून बघा, ती तरंगते, कितीतरी वेळ भिजत नाही. स्टीलच्या पातेल्यात भरपूर पाणी, दर दोन लिटरला दोन चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा साबणाचा चुरा, आणि तासभर मंद उकळी. अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, सोडा ते खातो आणि सुताला काळपट रंग चढतो. गुंडी चार ठिकाणी सैल बांधा, आठच्या आकड्यासारखा फास देऊन, नाहीतर तिचा गुंता होतो. तासाभरानं पाणी बघा. पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या कापसातून चहासारखं तपकिरी पाणी निघतं. पहिल्यांदा मला वाटलं पातेलं धुतलेलं नव्हतं. त्यानंतर सूत पाण्यात टाकलं की दगडासारखं बुडतं. पीळ बसतो आणि जेवढं आटायचं तेवढं तिथेच आटतं.

सुया ८ नंबरच्या नकोत. १० किंवा ११ घ्या, नंबर वाढला की सुई बारीक होते. घट्ट विणीला बोटं दुखतात, पण कापसाला सैल वीण पेलत नाही. आणि वीण बदला. सगळ्या ओळी सुलट, किंवा एक सुलट एक उलट घालून पुढच्या ओळीत उलटापालट, अशी दाण्यादाण्याची. या विणी दोन्ही अंगांनी सारख्या असतात, त्यामुळे एका बाजूला ओढ बसत नाही. खालच्या पट्टीला लोकरीसारखी दोन सुलट दोन उलट घालून आवळेल अशी आशा ठेवू नका, कापसाची पट्टी दोन धुण्यांत सैल पडते.

सगळ्यात आधी नमुना. ३० टाके, ४० ओळी. इंच-टेपनं मोजा, कागदावर लिहा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. दुसऱ्या आकड्यावरून बंडीचं माप काढायचं, पहिल्यावरून नाही.

आता तुमच्या बंडीचं. ती टाकू नका. उसवा. सुताच्या वळ्या पडलेल्या असतील, गुंडी करून उकळली की सरळ होतील. मग दुपदरी करा. १२० ग्रॅममधून तुम्हाला दुप्पट जाड पण निम्म्या लांबीचं सूत मिळेल. त्यात पूर्वीएवढी बंडी होणार नाही. टोपडं आणि पायमोजे होतील, किंवा हात पुसायचे दोन जाड रुमाल. एवढंच माझं सगळ्यांना सांगणं असतं. आपण आधी बंडी ठरवतो आणि सुताला तिच्यात कोंबतो. सूत होऊ द्यावं, धुऊन हातात घ्यावं, किती झालं, किती जाड झालं बघावं, मग काय करायचं ते ठरवावं. सूनबाईंना उसवताना शेजारी बसवा. न बोललेलं तेव्हा बोललं जाईल असं मला वाटतं.

रावेरहून एक केळी बागायतदार: घड उतरवल्यावर खोडं तोडून बांधावर टाकतो. त्याचा धागा काढून चरख्यावर कातता येईल का?

कापसासारखा कातता येणार नाही. कापसाचा तंतू इंच-सव्वा इंचाचा, म्हणून त्याला पीळ देऊन एकमेकांत धरून ठेवावं लागतं. केळीचा तंतू हातभरापेक्षा लांब आणि ताठ. तो गाठ मारून जोडतात. जपानच्या ओकिनावा बेटावर केळीच्याच जातीच्या झाडापासून उन्हाळी कापड विणतात, तिथेही टोकाला टोक गाठून धागा लांबवतात, आणि खोडाच्या आतल्या सोपांचा (थरांचा) धागा कापडाला, बाहेरच्यांचा जाड कामाला अशी निवड करतात. तुम्हीही तेच करा. घड उतरवल्यावर लगेच, सोप ताजी असताना, फळीवर आडवी ठेवून बोथट सुरीनं खरवडा. गर निघून जातो, चमकदार धागे उरतात. धुऊन सावलीत वाळवा. चिकाचे डाग कपड्यावर कायमचे बसतात हे रावेरकरांना मी सांगायला नको.

मी मावसभावाच्या बागेतून चार खोडांचा धागा आणला होता. ताणा (उभे धागे) कापसाचा आणि बाणा (आडवा धागा) केळीचा असं पूजेचं आसन विणलं. धागा ओला ठेवून विणावा लागतो, वाळला की कडा टोचतात. चटई, आसन, टेबलावरचे रुमाल यासाठी तो उत्तम. अंगावरच्या कपड्याच्या मागे लागू नका.

साक्रीहून एक शिक्षिका: ओळखीच्या ठेलारी मेंढपाळ कुटुंबाकडून दोन किलो काळी लोकर मिळाली. वास येतो, काटे आहेत, खूप खरखरीत आहे. याचा स्वेटर होईल?

स्वेटर होईल, पण कोणी घालणार नाही. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, तिच्यात केसही मिसळलेले असतात. घोंगडीसाठी ती फार गुणाची, कारण पाऊस अडवते आणि वर्षानुवर्षं टिकते. मऊ लोकर हवी असेल तर त्या कुटुंबाला जावळाबद्दल विचारा. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, ती निराळीच लागते हाताला.

तुमच्या दोन किलोपैकी आधी फक्त पाव किलो घ्या. गोखरू आणि काड्या हातानं वेचा, याला एक पूर्ण दुपार जाते. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा. चोळू नका, ढवळू नका. चोळलं की लोकर एकमेकांत जमून नमदा होते, ती पुन्हा सुटत नाही. पाणी काळं होईल, तीन-चार पाणी बदला, पण गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकू नका. सावलीत वाळवा. वास बराच जातो, सगळा जात नाही, मला तो आवडतो. मग जड टकळीवर जाडसर काता आणि बसायचं आसन विणा. ताण्याला घोंगडी विणणाऱ्यांसारखी चिंचोक्याची खळ द्या: चिंचोके भाजून टरफलं काढा, भिजवून वाटा, पाण्यात शिजवून पातळ लापशी करा आणि ब्रशनं ताण्यावर फिरवा.

एक विनंती. लोकर फुकट मिळाली असेल तर पुढच्या वेळी पैसे देऊन घ्या. कळप घेऊन हिंडणाऱ्या माणसांचं ते काम आहे, आणि आपल्याला जी लोकर निरुपयोगी वाटते ती त्यांच्या मेंढ्यांनी पाठीवर वागवली आहे.

भुसावळहून एक गृहिणी: कातून-विणून घरबसल्या पैसे मिळतील का?

मला मिळाले नाहीत, आणि कोणी महिन्याचा आकडा सांगून चरखा विकत असेल तर घेऊ नका. एका उपरण्यामागे किती तास जातात ते पुढच्या उत्तरात लिहिलंय, ते वाचून तुम्हीच भाव लावून बघा.

नंदुरबारहून निवृत्त तलाठी: तीन वर्षं कातून माझ्याकडे अकरा गुंड्या साठल्या आहेत. आता कापड विणायचं आहे. एक जण जुना हातमाग विकतो आहे. घ्यावा का? आणि माझं सूत ताण्याला टिकेल का?

अकरा गुंड्या म्हणजे ११ किलोमीटर सूत! काका, तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

माग आत्ता घेऊ नका. मागाला खोली लागते, खड्डा किंवा भक्कम चौकट लागते, ताणा ओढायला दुसरं माणूस लागतं. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत त्या मागावर धूळच बसेल.

ताणा हीच खरी परीक्षा आहे. बाण्याच्या सुताला धोट्यातून, म्हणजे इकडून तिकडे फेकायच्या नळीतून, नुसतं जायचं असतं. ताण्याचं सूत घट्ट ताणलेलं असतं आणि बाणा ठोकणारी कंगव्यासारखी फणी त्यावर हजारो वेळा घासते. इंग्लंडमध्येसुद्धा १७६९च्या आर्कराइटच्या पाणचरख्याआधी (पाण्यावर चालणाऱ्या कताई यंत्राआधी) हातकताईचं कापसाचं सूत ताण्याला टिकत नसे, म्हणून ताणा तागासारख्या लिननचा आणि बाणा कापसाचा घालत. आपल्याकडे आपल्या कातणाऱ्या बायकांनी तलम मलमलीचे ताणे कातले, तो हात पिढ्यांचा होता. खादीच्या सुरुवातीच्या दिवसांतही हा हात हरवलेला होता. साबरमतीच्या आश्रमात आधी मिलच्या सुतावरच विणत असत. मग गांधीजींसाठी चरखा शोधणाऱ्या गंगाबेन मजमुदारांना गुजरातमधल्या विजापूरला माळ्यावर पडलेले चरखे सापडले, तिथून खरी कताई सुरू झाली.

म्हणून माझी वाट सांगते. पहिल्या वर्षी मी फक्त सूत वाया घालवलं. दुसऱ्या वर्षी चार गुंड्या बऱ्या आल्या. खिडकीची जुनी लाकडी चौकट होती, तिच्या वरच्या-खालच्या पट्टीवर सुतारानं बारीक खिळे मारून दिले. ताणा मिलच्या दुपदरी सुताचा, बाणा माझा. पहिला रुमाल ११ इंच रुंद, १४ इंच लांब. वाकडा झाला, मधे रुंद, दोन्ही टोकांना अरुंद, कारण प्रत्येक फेरीत बाणा ओढून घेत होते. बाणा सरळ टाकायचा नाही, डोंगरासारखा कमानीनं टाकायचा आणि मग फणीनं ठोकायचा, हे मला सहाव्या रुमालाला समजलं. त्या दिवशी कड सरळ आली. मी तो रुमाल भाकरीच्या टोपलीवर घातला आणि आईनं हात फिरवून बघितला.

पूर्ण माझ्या सुताचं पहिलं कापड गेल्या हिवाळ्यात झालं. लहान, टेबलावरचा माग मागवला होता. २२ इंच रुंद, दोन मीटर लांब उपरणं. इंचात २४ ताणे, म्हणजे ५२८ धागे. प्रत्येक तीन मीटरचा, कारण बांधायला आणि शेवटच्या टोकाला सूत जातंच. १० नंबरचं सूत, ताणा दुपदरी केलेला, म्हणून त्यालाच तीन गुंड्यांहून जास्त लागलं. बाण्याला एक गुंडी. एकूण ४२०० मीटर, वजन पाव किलोच्या आसपास. माझ्या हाताला तासाला २०० मीटर होतात, म्हणजे नुसत्या कताईचे २१ तास. शंभर किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, हे मी २६ वर्षं वहीत लिहीत होते. त्या हिशेबानं हे उपरणं म्हणजे पाऊण किलो कापूस. पूर्वी एका गाडीमागे मी अशी किती उपरणी एका ओळीत लिहून टाकली असतील.

विणताना ५२८पैकी ९ ताणे तुटले. त्यातले ७ उजव्या कडेचे, तिथे फणी जास्त घासते. ताण्याला तांदळाच्या पेजेची पातळ खळ दिली होती, कडांना कमी पोचली असावी. पुढच्या वेळी कडेला चार-चार धागे मिलचे घालणार आहे.

तुमच्या अकरा गुंड्यांची आधी परीक्षा घ्या. प्रत्येक गुंडीतून हातभर सूत घेऊन एका टोकाला अर्ध्या लिटरची बाटली बांधा आणि पाण्यानं हळूहळू भरत जा. पाणी कुठवर आल्यावर तुटतं तिथे बाटलीवर रेघ मारा. ज्या गुंड्या सगळ्यात वरच्या रेघेवर टिकतील त्या दुपदरी करून ताण्यासाठी बाजूला ठेवा, चिठ्ठी बांधून. बाकीच्या सगळ्या बाण्याला. माझा अंदाज, तिसऱ्या वर्षाच्या गुंड्या टिकतील आणि पहिल्या वर्षाच्या नाही. पण तुम्ही जुन्या गुंड्यांवर तारीख लिहून ठेवली नसेल तर आता बाटलीच सांगेल.

खिडकीची चौकट नसेल तर जुन्या बाजेची चालते, नवार काढून. अकरा बाटल्यांचे आकडे मला लिहून पाठवा, पुढच्या अंकात छापू.